साच्यासोबतचे पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोपांच्या लहान कुंड्या मी कशा केल्या, हे बाबांनी फोनवर विचारले तेव्हा माझे उत्तर अर्धवट राहिले होते. त्या कुंड्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या आहेत. थ्रीडी प्रिंटरवर केलेला त्यांचा साचा या पत्रासोबत पाठवत आहे, म्हणजे तुम्हा दोघांना त्या घरीच करता येतील.

खोक्यांवरची चिकटपट्टी आणि पिना आधी काढाव्यात आणि चकचकीत प्लास्टिकचा थर असलेला पुठ्ठा घेऊच नये, कारण तो थर पाण्यात विरघळत नाही. उरलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे रात्रभर भिजवून, भरपूर पाणी घालून, थोडे थोडे मिक्सरमधून काढावेत. पुठ्ठ्याचा एकही तुकडा ओळखू येऊ नये इतपत लगदा व्हावा. मात्र त्याहून अधिक वेळ फिरवल्यास तंतू तुटून आखूड होतात आणि कुंडी ठिसूळ होते.

साच्याचे तीन भाग आहेत: भोके असलेले बूड, दोन अर्धुकांची भिंत आणि वरून दाबायचा दट्ट्या. बुडावर सुती कापडाचा तुकडा अंथरावा, नाहीतर तंतू भोकांत अडकतात आणि पाणी निघत नाही. दट्ट्या हाताने दाबू नये, ही बाबांना आग्रहाची विनंती आहे. मनगटावर ताण येतो आणि दाबही सारखा पडत नाही. सोबतचा क्लॅम्प, म्हणजे स्क्रूने आवळायचा चिमटा, लावून एकेक आटा सावकाश फिरवावा आणि पाणी गळायचे थांबेपर्यंत वाट पाहून मगच पुढचा आटा द्यावा. मी पहिल्या वेळी घाई केली तेव्हा पाण्याबरोबर लगदाही फटींतून बाहेर आला आणि कुंडीची एक बाजू पातळ राहिली.

या दाबण्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की, पाणी जाऊन तंतू एकमेकांना भिडले की वाळताना त्यांच्यात हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी ओढ, तयार होतात आणि डिंक न घालताही कुंडी कडक होते. साधा भिजलेला पुठ्ठा स्वतःच्याच बळावर पुन्हा घट्ट होतो, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. निथळलेले पाणी गाळून पुढच्या लगद्यासाठी ठेवावे. मोरीत ओतल्यास तंतू साचून ती तुंबते.

भिंतीची अर्धुके अलगद बाजूला करून कुंडी जाळीवर, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावी आणि मधूनमधून उलटावी. एकच बाजू आधी वाळली तर ती वाकते. आई, वाळवण्याची घाई म्हणून साचा उन्हात तापू देऊ नकोस किंवा गरम पाण्याने धुऊ नकोस. तो पीएलए प्लास्टिकचा आहे आणि साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडून त्याचा आकार बिघडतो. कुंडी मात्र दमट राहिली तर तिला बुरशी येते, म्हणून ती आतपर्यंत वाळल्याची खात्री करावी.

वाळताना कुंडी आकसते. किती आकसेल, ते लगद्यावर आणि दाबावर अवलंबून असते. साच्याच्या तोंडाचा व्यास मी बुडाखाली कोरला आहे. तुमच्या पहिल्या तीन कुंड्या पूर्ण वाळल्यावर त्यांचे व्यास मोजून कळवा, म्हणजे पुढचा साचा मी त्या मानाने मोठा करून पाठवीन.

तुमची,
लेक