‘आम्ही कसले आदर्श?’ या तुमच्या उत्तराविषयी

पुणे

प्रिय आई आणि पप्पा,

सप्रेम सलाम.

आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या नवविवाहित जोडप्यांसमोर तुम्ही दोघांनी बोलावे असे पाळकसाहेबांनी सुचवले आणि ‘आम्ही कसले आदर्श?’ असे म्हणून तुम्ही त्यांना हात जोडलेत, हे आईकडून फोनवर कळले. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण पप्पा शेजारी बसून ऐकत असणार आणि विषय हसण्यावारी नेणार याची मला खात्री होती. पत्राला असे मध्येच तोडता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. तुम्ही हा नकार मागे घ्यावा अशी माझी आणि तुमच्या जावयांची विनंती आहे, आणि ती केवळ मुलीच्या कौतुकापोटी नाही.

ज्याच्या संसारात कधी आवाज चढला नाही, ज्याच्या प्रार्थनेत कधी खंड पडला नाही, तोच इतरांना चार गोष्टी सांगायला पात्र, असे तुम्ही धरून चालला आहात. पण असा मनुष्य आपल्या मंडळीत शोधायला गेलो तर व्यासपीठ रिकामेच राहील. आमच्या पिढीची अडचण वेगळी आहे. आम्हाला ख्रिस्ती जीवनाचे आदर्श लहानपणापासून भरपूर मिळाले, परंतु ख्रिस्ती संसाराचे फार थोडे मिळाले. रविवारच्या शाळेत जी नावे पाठ केली ती आठवून पाहा. प्रेषित पौल त्याच्या पत्रांच्या काळात एकटाच दिसतो. पंडिता रमाबाईंचे नाव तर मुलींच्या प्रत्येक सभेत निघते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांचा विवाह १८८० साली झाला, १८८२ मध्ये पती निवर्तले आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभारणाऱ्या त्या बाईंकडून धैर्य शिकावे, विद्वत्ता शिकावी, पण महिनाअखेरीस पैसे संपल्यावर नवऱ्याशी कसे बोलावे हे त्यांच्याकडून कसे शिकणार?

इंग्लिश मिशनरी विल्यम केरींचे उदाहरण मला अधिक बोचते. त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि पुढे नवा करार मराठीत आणला. आपल्यासारख्या मराठी ख्रिस्ती लोकांवर त्यांचे ऋण आहे. व्यासपीठावरून त्यांची चिकाटी सांगितली जाते, परंतु त्यांच्या पत्नी डोरोथी केरींचे नाव मी मोठी होईपर्यंत ऐकले नव्हते. त्या इंग्लंड सोडायला प्रथम तयारच नव्हत्या; बहीण सोबत येते म्हटल्यावर निघाल्या. १७९३ मध्ये कुटुंब बंगालमध्ये उतरले, पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आजारात गेला, आणि डोरोथींचे मन जे ढासळले ते १८०७ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत सावरले नाही. एकीकडे भाषांतरे होत होती आणि त्याच संसारात एक बाई वेडाच्या यातना भोगत होती. यात केरींना दोषी धरावे असे मी म्हणत नाही. त्या काळी मानसिक आजारावर उपचार तरी कोणते होते? परंतु गोष्ट सांगताना डोरोथींना वगळले की ऐकणाऱ्या तरुण नवऱ्याचा असा समज होतो की देवाचे काम मोठे असले म्हणजे घरातल्या माणसाचे दुःख आपोआप लहान ठरते. असे नवरे आपल्या मंडळीत आहेत, हे पप्पांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

आपल्या नगरकरांचे भाग्य असे की, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई हे जोडपे आपल्याला जवळचे आहे आणि त्यांच्या बाबतीत काही झाकलेले नाही, कारण ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना लक्ष्मीबाईंनीच काही झाकून ठेवले नाही. टिळकांची भजने आपण उपासनेत डोळे मिटून गातो. तेच टिळक घरात किती तापट होते, कोणाला न सांगता कसे निघून जात, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन घरी कसे मोकळ्या हाताने येत, हे त्यांच्या पत्नीने हसत हसत पण स्पष्ट लिहून ठेवले आहे. आणि हे सर्व वाचूनही टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही.

मला त्यांच्या आयुष्यातली मधली पाच वर्षे सर्वांत मोलाची वाटतात. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली घेतला. या काळात आधी दोघांची ताटातूट झाली, नातेवाइकांचा आणि समाजाचा रोष झाला, आणि त्या पुन्हा नवऱ्याजवळ आल्या तेव्हाही आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक त्यांनी काही काळ निराळाच ठेवला. ज्यांनी पुढे कितीतरी लोकांना ख्रिस्ताची ओळख करून दिली, त्या टिळकांना स्वतःच्या घरात मात्र वाट पाहावी लागली. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराने आल्या, आणि टिळक १९१९ साली गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेण्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले. विश्वासणाऱ्या जोडीदाराने न विश्वासणाऱ्याबरोबर कसे राहावे याविषयी पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात जे लिहिले आहे, त्यावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली. परंतु एकाच छपराखाली दोन चुली आणि तरीही एक संसार हे त्याचे रूप मला या दोघांमुळे कळले.

आमच्या घरात चुली दोन नाहीत, पण देवळे दोन आहेत, हे तुम्ही जाणताच. वसईच्या कॅथलिक घरात मुलगी द्यायची म्हणून पप्पा किती रात्री अस्वस्थ होते तेही मला ठाऊक आहे. लग्नाआधी बिशपांची परवानगी घ्यावी लागली, मुले कॅथलिक विश्वासात वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तितका प्रयत्न करीन असे वचन तुमच्या जावयांनी दिले, आणि त्या वचनाची कल्पना मलाही देण्यात आली. हे सर्व मी डोळे उघडे ठेवून स्वीकारले. तरीही अवघड जागा उरतातच. त्यांच्याबरोबर मिस्सेला गेले की कम्युनियनच्या वेळी मी बाकावर बसून राहते आणि ते एकटे रांगेत जातात. आपल्या उपासनेत प्रभुभोजन असते त्या रविवारी ते बाकावर बसतात आणि मी उठते. लग्नाच्या नवरा-बायकोला प्रभूच्या मेजाशी एकत्र जाता येऊ नये याचे वाईट वाटते, आणि ते वाटू नये असा आव आम्ही आणत नाही. सासूबाईंनी मात्र एकदाही मला आग्रह केला नाही. त्या रोझरी म्हणत असताना मी शेजारी बसते, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मी भाजी निवडता निवडता टिळकांचे एखादे भजन गुणगुणले तर त्या गॅस बारीक करून ऐकतात.

आदर्शांच्या बाबतीत कॅथलिकांकडे आपल्यापेक्षा श्रीमंती असेल असे मला वाटले होते, कारण संतांची यादी केवढी मोठी! परंतु तिकडेही बहुतेक संत धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा हुतात्मेच आहेत. नवरा-बायकोला एकाच विधीत संतपद मिळाले ते पहिल्यांदा १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, फ्रान्समधल्या लुई आणि झेली मार्टिन यांना. लिझ्यूच्या संत तेरेजाचे हे आईवडील. झेलींचा आलाँसाँ गावात लेसचा व्यवसाय होता आणि त्यांच्या हाताखाली बायका काम करत. लुई घड्याळजी होते. बायकोचा व्यवसाय वाढला तेव्हा लुईंनी आपले दुकान विकून तिच्या हिशेबाची आणि फिरतीची कामे अंगावर घेतली, आणि ही गोष्ट १८७० सालची आहे. त्यांच्या नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली, झेली १८७७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेल्या, आणि लुईंना उतारवयात मनाच्या आजाराने काही वर्षे रुग्णालयात काढावी लागली. झेलींची दोनशेहून अधिक पत्रे शिल्लक आहेत, त्यांत धंद्याचा शीण आहे, मुलींची दुखणी आहेत. हे मला तुमच्या जावयांनी सांगितले तेव्हा मी लगेच म्हटले की, हे तर आमच्याच घरातले वाटते.

कारण आईच्या नोकरीसाठी पप्पांनी मुख्याध्यापकाची जागा सोडली, हे मी विसरलेले नाही. त्या जागेसाठी दुसऱ्या गावी जावे लागणार होते, आणि आईला तिच्या रुग्णालयात नुकतीच सिस्टर-इन्चार्जची जबाबदारी मिळाली होती. ‘पुरुष कुटुंबाचे मस्तक आहे’ असे वडील मंडळींपैकी कोणीतरी घरी येऊन ऐकवून गेले. पप्पा, तुम्ही त्यांना चहा दिलात, वाद घातला नाहीत, आणि रात्री कौटुंबिक प्रार्थनेत इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातून वाचन केलेत. पत्नींनी पतीच्या अधीन असावे असे सांगणाऱ्या बाविसाव्या ओवीपासून नव्हे, तर त्याआधीच्या एकविसाव्या ओवीपासून, जिथे ख्रिस्ताचे भय बाळगून एकमेकांच्या अधीन असण्याविषयी सांगितले आहे. तुम्ही त्यावर काही भाष्य केले नाही. आईने वर पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. मी तेव्हा आठवीत होते; आमच्या लग्नविधीत हाच भाग वाचला गेला तेव्हा मी तो कोणत्या ओवीपासून ऐकला असेल हे तुम्हीच समजून घ्या.

दुसरी गोष्ट तुम्हाला आठवणार नाही, किंवा आठवू नये असे वाटत असेल. काकांच्या घराच्या बांधकामासाठी पप्पांनी आईला न विचारता मोठी रक्कम दिली, आणि तिला ती बँकेच्या पासबुकावरून कळली. त्या आठवड्यात घरात जेवण वाढण्यापुरतेच बोलणे होते. प्रार्थनेची वेळ झाली की आम्ही तिघे नेहमीसारखे बसायचो, पप्पांनी शास्त्रपाठ वाचायचा आणि प्रार्थना करायची, हा क्रम. एका संध्याकाळी पप्पांनी बायबल मिटले आणि ‘माझ्याने आज होत नाही, तू कर’ असे आईला म्हटले. आईने बराच वेळ काहीच केले नाही. मग तिने प्रार्थना केली, तीही फक्त काकांच्या घरासाठी, की भिंती नीट उभ्या राहोत आणि त्या घरात कोणी आजारी पडू नये. रकमेचा विषय नंतर पुन्हा निघाला, चांगला जोरात निघाला, आणि तेव्हापासून घरातले दोन्ही पासबुक टेबलाच्या एकाच खणात ठेवले जाऊ लागले. आमच्या घरी आज आम्ही दशांश कोणत्या मंडळीला किती द्यायचा यावर वाद घालतो, पण दोघांचे खाते दोघांना उघड असते. ही सवय मला कोणत्याही शिबिरात लागलेली नाही.

नवरा-बायकोचे पटते एवढ्यावरून घर ख्रिस्ती ठरत नाही, हे तर प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातल्या हनन्या आणि सप्पीरा यांच्यावरूनच दिसते. त्या दोघांचे किती छान एकमत होते! जमिनीच्या किमतीविषयी दोघांनी मिळून एकच खोटे सांगितले. उलट अठराव्या अध्यायातले अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको क्लौद्य कैसराच्या हुकुमाने रोममधून बाहेर पडलेले, करिंथात तंबू शिवून पोट भरणारे. त्यांनी पौलाला घरात ठेवून घेतले, आणि पुढे इफिसात अपुल्लोसारख्या मोठ्या वक्त्याला जवळ घेऊन मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. त्यांचे एकही भाषण लिहून ठेवलेले नाही. त्यांचे घर मात्र मंडळीला ठाऊक होते, कारण मंडळी त्यांच्या घरात जमत असे. पाळकसाहेब तुमच्याकडून याहून वेगळे काही मागत नाहीत.

तेव्हा कृपा करून होकार द्या. पप्पांनी प्रवचन तयार करू नये; वहीत मुद्दे काढले की ते शाळेतल्यासारखे बोलू लागतात. दोघांनी खुर्च्या शेजारी घेऊन बसावे आणि जोडप्यांना प्रश्न विचारू द्यावेत. पैशांविषयी कोणीतरी विचारेलच. तेव्हा काकांचे नाव न घेता पासबुकाची गोष्ट सांगता येईल. आईने रात्रपाळीच्या वर्षांविषयी बोलावे, कारण त्या सभेत परिचारिका असलेल्या निदान तीन-चार जणी असतील आणि त्यांच्या नवऱ्यांनी ते ऐकणे आवश्यक आहे. दोन मंडळ्यांच्या संसाराविषयी कोणी विचारले, आणि आपल्याकडे आता ते विचारणारे वाढले आहेत, तर तुम्ही सुरुवातीला का घाबरला होता तेही लपवू नका. जावयांना त्याचे वाईट वाटणार नाही. मी त्यांना हे पत्र वाचून दाखवले आहे.

आम्ही शनिवारी दुपारपर्यंत नगरला पोहोचू. रविवारच्या उपासनेत सूचना वाचल्या जाण्याआधी पाळकसाहेबांना फोन झालेला असावा, एवढे पप्पांनी पाहावे. आईने आमच्यासाठी वेगळे काही करत बसू नये. सासूबाईंनी तुमच्यासाठी सुकेळी दिली आहेत, ती घेऊन येत आहोत. आईची रक्तदाबाची गोळी संपत आली असेल तर चिठ्ठीचा फोटो पाठवा, इथून आणते.

तुमची,
लेक