'पेशींवर परिणाम झाला' म्हणजे नक्की काय झालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मोबाईलच्या रेडिएशनवर जो लेख आला तो वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेख खोटा आहे असं मला म्हणायचं नाही, त्यातले बरेचसे प्रयोग खरंच झालेत, पण प्रयोग केला कसा हे कुठेच न सांगता 'पेशींवर परिणाम होतो हे सिद्ध झालंय' हे एकच वाक्य दर दोन परिच्छेदांनी येतं. मी पेशी वाढवायच्या लॅबमध्ये काम करतो त्यामुळे मला ते जरा जास्तच खुपलं. पेशींवर परिणाम कशाचा होत नाही हो? इनक्युबेटरचं, म्हणजे पेशी ठेवायच्या उबदार कपाटाचं, दार कुणी जास्त वेळ उघडं ठेवलं तरी होतो.

रेडिएशन म्हटलं की लोकांना एक्सरे आणि अणुबॉम्बच आठवतो. मोबाईलच्या लहरी त्या जातीच्या नाहीत. मोबाईलच्या 2 गिगाहर्ट्झच्या लहरींमधल्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या सगळ्यात छोट्या पुडक्याची, ऊर्जा साध्या दिव्याच्या उजेडातल्या फोटॉनपेक्षा दोन-तीन लाख पट कमी असते, त्यामुळे एक्सरे जसा डीएनएचा बंध थेट तोडतो तसं हिला जमत नाही. ती करते काय, तर पेशीतल्या पाण्याचे रेणू हलवते आणि पेशी किंचित तापते. एसएआरचा आकडा म्हणजे किलोमागे शरीराने किती वॅट शोषले ते, अमेरिकेत फोनसाठी मर्यादा 1.6 आणि युरोपात 2, आणि या मर्यादा तापण्याचाच हिशोब धरून ठरवलेल्या आहेत. म्हणजे सगळं भांडण एवढ्यावरच आहे की पेशी न तापवताही या लहरी काही करतात का.

आणि इथेच भले भले फसलेत. 2000 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक पेपर (शोधनिबंध) आला, सी. एलिगन्स नावाच्या मिलीमीटरभर लांबीच्या कृमींवर मंद मायक्रोवेव्ह (मोबाईलच्याच जातीच्या लहरी) सोडल्या तर त्यांच्या शरीरात उष्णतेचा ताण आल्यावर बनतात ती प्रोटीन्स बनायला लागली, तेही तापमान न वाढता असं त्यात म्हटलं होतं. जगभर गाजला. मग त्याच लोकांनी यंत्र सुधारून प्रयोग परत केला तेव्हा लक्षात आलं की कृमी साधारण 0.2 डिग्रीने गरम होत होत्या, आणि तो फरक काढून टाकल्यावर परिणामही गेला. 2006 मध्ये त्यांनी स्वतः पेपर मागे घेतला. मला याचं फार कौतुक वाटतं, असं करणारे कमी असतात. पण आधीचा पेपर अजून फॉरवर्ड होत असतो आणि मागे घेतल्याचं कुणी पाठवत नाही.

डीएनए तुटण्याचंही तसंच. त्यासाठी कॉमेट टेस्ट करतात, पेशी जेलमध्ये बसवायच्या, फोडायच्या, करंट सोडायचा, मग डीएनएचे तुटके तुकडे पुढे सरकतात आणि मायक्रोस्कोपखाली धूमकेतूसारखी शेपटी दिसते. 1995 मध्ये अमेरिकेतल्या लाय आणि सिंग या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या पेशींमध्ये अशी तुटफूट दिसल्याचं छापलं, तुमच्या लेखात ते आहेच. पण दुसऱ्या एका गटाला ते काही केल्या दिसलं नाही, उलट उंदीर कुठल्या पद्धतीने मारला यावरसुद्धा ती शेपटी कमीजास्त होते असं त्यांना आढळलं! अगदी पेट्री डिशमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या चपट्या बशीतसुद्धा, कडेला द्रव जरा वर चढलेला असतो, तिथल्या पेशी मधल्या पेशींपेक्षा वेगळा डोस खातात. आणि डिशखाली खरा फोन चालू करून ठेवलेले प्रयोग तर मी सरळ बाजूला ठेवतो, फोन स्वतःच गरम होतो ना.

आता दुसरी बाजू, कारण 'काहीच होत नाही, गप्प बसा' म्हणणारेही मला पटत नाहीत. 2011 मध्ये 47 जणांच्या कानाला 50 मिनिटं फोन लावून मेंदूचं स्कॅन केलं तेव्हा अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर साधारण 7 टक्के वाढलेला दिसला. त्याने काही बिघडतं का हे त्यातून कळत नाही, पण पेशींना पत्ताच लागत नाही असंही म्हणता येत नाही. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने (कशाने विषबाधा होते ते तपासणारा सरकारी कार्यक्रम) उंदरांना रोज 9 तास, दोन वर्षं, तेही पूर्ण अंगावर रेडिएशन दिलं, आणि 2018 च्या अहवालात नर उंदरांच्या हृदयात गाठी झाल्याचा स्पष्ट पुरावा असल्याचं लिहिलं. माद्यांमध्ये तसं स्पष्ट काही नाही. आणि गंमत म्हणजे रेडिएशन खाल्लेले नर न खाल्लेल्यांपेक्षा जास्त जगले. हे का झालं यावर लेखात एक ओळ नाही, गाठी तेवढ्या ठळक टायपात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2011 मध्ये या लहरींना 2बी गटात टाकलं, म्हणजे कॅन्सरकारक असण्याची शक्यता आहे पण पुरावा मर्यादित. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. आणि 2024 मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात माणसांवरचे 63 अभ्यास तपासले तर फोन आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध सापडला नाही. लेख या वर्षी छापताय तर हे यायला हवं होतं.

पुढच्या वेळी असा प्रयोग छापाल तेव्हा निदान एवढं तरी छापा: एसएआर किती होता, तापमान कसं मोजलं, मशीन बंद ठेवून तश्शाच दुसऱ्या डिश ठेवल्या होत्या का आणि मोजणाऱ्याला कुठली डिश कुठली हे माहीत होतं का, दुसऱ्या लॅबला तेच मिळालं का. दोन ओळी जास्त लागतील.

शेवटी तुमच्या चौकटीतला सल्ला, 'वस्तीजवळचे टॉवर हटवा'. फोन आपली पॉवर सिग्नल बघून कमीजास्त करतो, टॉवर लांब गेला, रेंज कमी झाली की तो जास्त जोर लावतो, आणि टॉवर कितीही मोठा असला तरी लांब असतो, फोन मात्र कानाला चिकटलेला असतो. म्हणजे ज्या पेशींची काळजी वाटते त्यांचा डोस या सल्ल्याने वाढेल. इयरफोन लावा किंवा स्पीकरवर बोला एवढं लिहिलं असतं तर कामाचं झालं असतं.

आपला,
एक नियमित वाचक