उसाच्या फडातल्या बाईला कोणत्या रकान्यात बसवणार? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातून दरवर्षी सांगलीकडे तोडीला येणारी ऊसतोड कामगार असून मला एचआयव्ही आहे आणि मी त्यावरच्या रोज घ्याव्या लागणाऱ्या एआरटीच्या गोळ्यांवर आहे. गेल्या आठवड्यात इकडच्या एका केंद्रात गोळ्या मागितल्या, तेव्हा मूळ केंद्राचे पत्र आणल्याशिवाय काही मिळणार नाही, असे मला भर रांगेत आजाराचे नाव घेऊन सुनावण्यात आले. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगणारा 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा बहुधा त्या खिडकीपर्यंत पोहोचला नसावा. आम्ही राहतो त्या तळावर गोळ्या पोच होतील, असा शब्द हंगामाआधी एका अधिकाऱ्यांनी दिला होता. आता पत्रासाठी गावी जायचे तर खाडा पडणार, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची लांबणार, आणि मुकादमाला कारण काय सांगायचे?

महोदय, याच सांगलीत गोकुळनगरच्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी 1990 च्या दशकात संघटित होऊन कंडोम स्वतः वाटले, कारण वस्ती एका जागी होती आणि बायका एकमेकींच्या पाठीशी होत्या. मणिपूर-मिझोराममध्ये नशेच्या सुईतूनही लागण होते, म्हणून तिथे निर्जंतुक सुया पुरवल्या जातात. माणसे बदलली की उपाय बदलतो, हे सरकारला कळते. आमच्यापाशी आल्यावरच ते का विसरते? स्थलांतरितांचा कार्यक्रम मुख्यतः घरापासून दूर राहणारा एकटा पुरुष समोर ठेवून आखलेला, आणि आम्ही येतो नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मुकादमाच्या हिशेबात दोघांची एक जोडी. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, लेकरांना कुशीत घेऊन निजलेल्या बाईने, उचल ज्याच्या हातात पडते त्या नवऱ्याकडे कंडोमचा आग्रह धरावा, असे सांगणाऱ्यांनी एक रात्र तिथे काढावी. समुपदेशक येतात ते भर दुपारी, आम्ही फडात असताना; तळावरच्या म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले की कार्यक्रम यशस्वी!

आम्ही आठ लाख की बारा, हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. कारखान्यातले उसाचे गाळप मात्र रोज टनांत मोजले जाते, साखरेच्या उताऱ्यासकट. ज्या राज्याला उसाचा हिशेब लागतो आणि तो तोडणाऱ्यांचा लागत नाही, तिथे आमचा आजार कोण मोजणार?

कोरोनाच्या काळात तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता आल्या होत्या. तशाच त्या दर हंगामाआधी मूळ केंद्रातून द्याव्यात. तपासणीची गाडी अंधार पडल्यावर तळावर पाठवावी आणि बोलायला बाईच असावी. माझ्याकडच्या गोळ्या येत्या सोमवारी संपतात. त्याआधी उत्तर मिळावे.

आपली,
एक ऊसतोड कामगार
(नाव गुप्त ठेवण्याचा अधिकार मला कायद्याने आहे.)