किमतीशेजारी पूर्ण वाढलेल्या माशाची लांबीही लिहा

महोदय,

मत्स्यालयाच्या दुकानात ‘शार्क’ म्हणून बोटभर लांबीचा जो रुपेरी मासा मिळतो, तो शार्क नव्हे. तो पंगस, आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला मिशावाला मासा (कॅटफिश). हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच. शेततळ्यात सात-आठ महिन्यांत किलोभर होतो, नदीत मीटरच्याही पुढे जातो. आणि घरची दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम ५६ लिटर!

‘टाकीएवढाच मासा वाढतो’ असे गिऱ्हाइकाला सर्रास सांगतात, ते साफ खोटे आहे. वाढ खुंटते ती कोंडलेल्या, घाण पाण्यामुळे. पंगस वर येऊन हवा गिळतो, म्हणून ऑक्सिजन संपत आलेल्या पाण्यातही तग धरतो आणि पाणी बिघडल्याचे कळतच नाही. त्यासाठी पाण्यात साचणारा विषारी अमोनिया चाचणीच्या किटनेच तपासावा. शून्याच्या वर दिसला की त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदलावे, क्लोरीन काढलेले. हा मासा भित्रा. दिवा एकदम लावला की सुसाट सुटून काचेवर आदळतो. तोंडावरच्या जखमा बहुतेक त्यामुळेच होतात. अंगावर खवले नसल्याने पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचे मॅलकाइट ग्रीनचे औषध निम्म्या मात्रेने सुरू करावे.

ॲमेझॉन नदीतला रेडटेल कॅटफिश तर तोंडात मावेल ते गिळतो, सोबतचे मासे आणि खडीसुद्धा. तोही मीटरभर होतो. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत ६८० लिटर पाणी, म्हणजे घराच्या जमिनीवर ६८० किलो भार, तरी त्यात त्याला धड वळता येत नाही.

मग लोक मासा नदीत सोडतात. कृपा करून सोडू नका. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा सकर आज उजनीत सापडतो. त्याच्या काटेरी कवचाने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. मासा डोईजड झाला तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असणाऱ्याकडे सोपवा.

छोट्या टाकीत मिशावाला मासा हवाच असेल तर कोरीडोरस आहे: पाच-सहा सेंटिमीटर, सहाच्या गटात, तळाला बारीक वाळू. टोकदार खडीने त्याच्या मिशा झिजतात.

दुकानातल्या प्रत्येक टाकीवर किमतीशेजारी पूर्ण वाढ झालेल्या माशाची लांबी लिहिणे मत्स्यव्यवसाय विभागाने सक्तीचे करावे, ही आमची मागणी आहे.

– काही मत्स्यपालक, पुणे