खांदेरीची बत्ती

थळ, रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

चार महिने तुला उत्तर दिलं नाही. रागावला असशील, तो हक्क आहे तुला. पण आज जे लिहितोय ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

मंगळवारी तिन्हीसांजेला बाबा ओट्यावर बसले होते. एकदम म्हणाले, "आज बत्ती लावली नाय का रे?" समोर खांदेरी बेटावरच्या दीपगृहाची बत्ती रोजच्यासारखी लुकलुकत होती. मी म्हटलं, "लागलीय की." जरा वेळानं हळूच म्हणाले, "मंग मनाच दिसत नाय."

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची. बाकी घरी सगळे ठीक.

बाळ्या, ते अजून पहाटेच्या काळोखात होडी काढतात! होडीवर जीपीएस आहे, पण खडकांजवळ आलं की पडद्याकडे बघतच नाहीत. बत्ती कुठल्या अंगाला आहे ते बघून सुकाणू वळवतात. मुंबईला जाणारी मोठी जहाजंसुद्धा रडार असूनही बत्तीवरून आपली जागा पडताळतात, मग बाबांचं चुकतं म्हणू तरी कसं? प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, हे त्यांनीच शिकवलं आपल्याला. तू उजेड मोजायचास, मी काळोख, आणि आकडे जुळले नाहीत की तू माझी खेकड्याची नांगी पळवायचास.

खांदेरीवर वेताळाच्या दर्शनाला गेलो होतो तेव्हाचं भांडण आठवतं? मनोरा महाराजांनीच बांधला म्हणून तू अडून बसलास. अरे, 1679 मध्ये महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, तो थांबवायला इंग्रज मुंबईहून जहाजं घेऊन आले, महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्यांनी त्यांना दाद दिली नाही. आणि 1867 साली त्याच बेटावर इंग्रजांनी पंचवीस मीटरचा मनोरा उभा केला. त्याला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे, त्यामुळे अर्धं भांडण तू जिंकलास. 2025 मध्ये खांदेरी युनेस्कोच्या यादीत गेली, तेव्हा पहिली तुझी आठवण आली.

तुझ्या घराचा स्लॅब पडला का? धाकटीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

आता रोज संध्याकाळी मी बाबांशेजारी बसतो. "लागली" म्हणतो, ते बोटांवर मोजतात, पुढची कधी ते माझ्याआधी सांगतात. एकदाही चुकले नाहीत. म्हणूनच होडी सोडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझा शब्द ते मानतात. या आठवड्यात फोन कर. डोळ्यांचं विचारू नकोस. बत्तीचं विचार, ते आपणहून बोलतील.

तुझा,
शेजारच्या ओट्यावरचा