आर्मस्ट्राँगांचा मूळ पुरुष

रिचमंड, व्हर्जिनिया

चि. रोहनला अनेक आशीर्वाद.

लग्नात बाबांच्या आर्मस्ट्राँग घराण्याच्या टार्टनचा, म्हणजे चौकड्यांच्या कापडाचा, किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा) घालू का, असं तू परवा विचारलंस आणि मी "सविस्तर लिहिते" म्हणून फोन ठेवला. बाबांच्या घराण्याचा शोध मी गेली काही वर्षं घेते आहे, पण त्यातलं बरंचसं तुला सांगायचं राहून गेलंय. मंडळाची मराठी शाळा सुटल्यापासून तुझं मराठी वाचन मागे पडलं, हे मला ठाऊक आहे. तरी हे मराठीतच लिहिते, सावकाश वाच.

माझ्या माहेरी हे काम सोपं होतं. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांना नाव, गाव, आडनाव सांगितलं की ते वही काढत आणि आजोबांचे आजोबा कुठल्या कार्यासाठी, कुणाला बरोबर घेऊन आले होते ते वाचून दाखवत. तुझ्या बाबांच्या घराण्याची अशी वही कुणी राखली नाही. त्यामुळे मोकळी जागा भरायला बाजार येतो. ग्रँडफादर माउंटनच्या हायलँड गेम्सना गेलो होतो तेव्हा तू ढालचिन्हाचा मग घेतला होतास, आठवतं? स्कॉटलंडच्या कायद्यात ढालचिन्ह एका व्यक्तीला दिलेलं असतं, आडनावाला नाही. कुणा एका आर्मस्ट्राँगची ती ढाल जगातल्या सगळ्या आर्मस्ट्राँगांची होत नाही.

मी स्वतःला एकच शिस्त लावून घेतली: सुरुवात आपल्यापासून करायची, आणि खालच्या पिढीचा कागद हातात आल्याशिवाय वरच्या पिढीला हात लावायचा नाही. पुष्कळ जण उलटं करतात. आधी एखादा प्रसिद्ध सरदार निवडतात आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत रेघ ओढायला बसतात. आडनाव जुळलं की त्यांचं काम झालं. मला ते पटत नाही, कारण त्यात आपली खरी माणसं बाजूला पडतात.

1850 पर्यंत मागे जाणं फारसं अवघड गेलं नाही. आजींच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहिलेले होते आणि जनगणनेशी ते जुळले. 1850 च्या आधी मात्र जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बायकामुलं नुसत्या आकड्यांत. 1790 च्या पहिल्या जनगणनेची व्हर्जिनियाची पानं तर नष्टच झाली आहेत. मग करवसुलीच्या याद्या धरायच्या. 1782 पासून दरवर्षी कुणाकडे किती जमीन, किती घोडे, किती गुरं, हे लिहिलेलं आहे, आणि ते सगळं इथे आपल्या गावात, लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात बघायला मिळतं. एखाद्या वर्षी यादीत नवा आर्मस्ट्राँग उगवला तर तो वयात आलेला मुलगा असण्याचा संभव. एखादा नाहीसा झाला तर मृत्युपत्रांच्या वह्या उघडायच्या.

खरी अडचण झाली ती एकाच काउंटीत एकाच नावाचे दोघे निघाले तेव्हा. दोघेही शेतकरी, दोघेही तिशीतले. त्यांना वेगळं केलं त्यांच्या बायकांनी. त्या काळी नवऱ्यानं जमीन विकली की त्या जमिनीवरचा बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागे. तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत, तू हे राजीखुशीनं करतेस ना? आणि तिचं उत्तर दप्तरात नोंदवत. एकाची बायको सेरा, दुसऱ्याची जेन. तू सेराच्या वंशातला. मतदान नाही, मालमत्ता नाही अशा त्या बाईच्या एका होकारामुळे मला पुढची वाट सापडली. मला ती फार जवळची वाटते.

तिथून मागे गेलं की आपण स्टँटनला पोचतो, शेनान्डोआच्या खोऱ्यात. 1736 साली विल्यम बेव्हर्ली आणि त्याच्या भागीदारांना इथे 118491 एकर जमीन मिळाली आणि ती वसवायला त्यांना माणसं हवी होती. डोंगरापलीकडे कुणीतरी राहावं, म्हणजे किनाऱ्यावरच्या मोठ्या जमीनदारांना आडोसा होईल, असं गव्हर्नर गूचलाही वाटत होतं. म्हणून 1738 मध्ये त्यानं प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना त्यांच्या पंथाप्रमाणे उपासना करू देण्याचं कबूल केलं. माणसं आली ती मुख्यतः पेनसिल्व्हेनियातून, ग्रेट वॅगन रोडनं. ऑगस्टा काउंटीचं कोर्ट 1745 मध्ये बसलं. त्याआधी कामं ऑरेंज काउंटीत चालत, आणि तिथल्या 1740 च्या दप्तरात या वसाहतकारांच्या शपथा आहेत: मी, माझी बायको आणि अमुक अमुक मुलं स्वखर्चानं आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत आलो. अशी शपथ घेतली की माणशी 50 एकरांचा हक्क मिळायचा. जमिनीच्या मोहापायी घेतलेली का होईना, पण अख्ख्या कुटुंबाची नावं एका जागी देणारी ही शपथ सापडली त्या दिवशी मी वाचनालयातूनच बाबांना फोन केला होता. हा आपला मूळ पुरुष. पाद्री जॉन क्रेग यांनी 1740 ते 1749 या काळात केलेल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी शिल्लक आहेत. त्यांत याच्या धाकट्या मुलांची नावं आहेत.

बाबांनी तेव्हा पहिला प्रश्न विचारला, जहाज कोणतं? ते मिळणार नाही. 1727 पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मनांकडून राजनिष्ठेची शपथ घेत, म्हणून त्यांच्या याद्या आहेत. अल्स्टरहून, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातून, येणारे आपले लोक आधीच त्याच राजाचे प्रजाजन. त्यांची यादी करण्याची गरज कुणाला वाटली नाही. जहाजाचं नाव नसलं तरी ते जहाज का निघालं, हे मात्र सांगता येतं. अल्स्टरमध्ये लिननचं कापड विणण्यासाठी अळशीचं पीक घेत. धागा मऊ निघावा म्हणून बी पिकण्याआधीच रोपं उपटत, त्यामुळे पुढच्या पेरणीचं बी अमेरिकेतून आणावं लागे. बी उतरवून परत निघालेल्या जहाजात जागा रिकामी असायची, आणि त्या जागेत माणसं बसत.

माणसं निघत होती याची कारणं तिथे साचलेली होती. जमिनीचे करार संपले की मालक खंड वाढवायचा. 1704 च्या कायद्यानं प्रेस्बिटेरियनांना सरकारी पदं बंद केली. त्यांच्या पाद्र्यांनी लावलेली लग्नं कायदा मानत नव्हता, आणि दुसऱ्याच चर्चला त्यांना दशांश भरावा लागत होता. त्यावर दुष्काळाची वर्षं आली. 1718 पासून अमेरिकेतल्या क्रांतीपर्यंत किमान एक लाख माणसं अल्स्टर सोडून गेली. त्यांत आपली.

पण ती मुळात अल्स्टरची नव्हती, हेही तुला माहीत हवं. 1607 मध्ये तिथले गेलिक सरदार देश सोडून गेले आणि त्यांची जमीन राजानं जप्त करून इंग्लंड-स्कॉटलंडच्या लोकांना वाटली. फर्माना काउंटीत मॅग्वायर घराण्याच्या जमिनीवर आर्मस्ट्राँग, जॉन्स्टन, एलियट ही स्कॉटलंड-इंग्लंड सरहद्दीकडची आडनावं दाटीनं वसली. आपला मूळ पुरुष फर्मानाचाच, असं म्हणायला माझ्याकडे कागद नाही. तिथे वसलेल्या सरहद्दीकडच्या बऱ्याच घरांनी सरकारी चर्च स्वीकारलं होतं, आणि आपला माणूस तर पक्का प्रेस्बिटेरियन. तेव्हा टिरोन आणि अँट्रिमही बघायला हवं. 1922 मध्ये डब्लिनचा दप्तरखाना जळाला, त्यात आयर्लंडच्या 1821 ते 1851 च्या जनगणनांचा बहुतेक भाग आणि कितीतरी चर्चची पुस्तकं गेली. तरी 1630 च्या सुमाराची अल्स्टरची लष्करी हजेरीपत्रकं आणि 1660 च्या दशकातल्या चूलपट्टीच्या याद्या आहेत. त्यांचं काम बेलफास्टला बसूनच करायला हवं.

आता किल्ट. आर्मस्ट्राँगांचं मूळ ठाणं लिडिसडेल, स्कॉटलंड-इंग्लंड सरहद्दीवर, हायलँडपासून पुष्कळ दक्षिणेला. 1587 च्या स्कॉटिश संसदेच्या यादीत तिथल्या कुळांमध्ये त्यांचं नाव आहे. घोड्यावरून रात्री पलीकडची गुरं हाकून आणणं हा त्यांचा व्यवसाय. चामड्याचं जाड जाकीट, डोक्याला पोलादी टोप. किल्ट त्यांच्या अंगावर कधी नव्हता. 1530 मध्ये पाचव्या जेम्सनं गिल्नॉकीच्या जॉनी आर्मस्ट्राँगला साथीदारांसकट फासावर दिलं, आणि 1603 मध्ये स्कॉटलंड-इंग्लंडचे दोन्ही मुकुट एका डोक्यावर आल्यावर राजानं या घराण्यांचा कणाच मोडला. फाशी, हद्दपारी, जमीन जप्ती. कित्येक जण अल्स्टरला गेले ते या धाकानं. 1972 मध्ये नील आर्मस्ट्राँग सरहद्दीवरच्या लँगहोमला आले तेव्हा गावानं त्यांचा सन्मान केला होता, त्याचे फोटो तू पाहिलेस. कुळाकुळाचा ठरावीक टार्टन ही मात्र 1603 नंतर पुष्कळ काळानं आलेली, मुख्यतः 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हापासून फोफावलेली प्रथा आहे.

तुला किल्ट आवडतो तर जरूर घाल, माझी हरकत नाही. पण एक सुचवू? 1956 मध्ये अल्स्टरमधल्या डन्गिव्हनजवळ खणताना सोळाव्या-सतराव्या शतकातले कपडे सापडले, त्यात चौकड्यांची विजार होती. तिच्यावरून अल्स्टर टार्टन तयार केला आहे. आपले लोक तिथे शंभराहून अधिक वर्षं राहिले असावेत. मला तो जास्त आपला वाटतो.

सोबत डीएनए तपासणीचा संच पाठवते आहे. गालाच्या आतून काडी फिरवायची, एवढंच. "इतके टक्के स्कॉटिश" सांगणारी ही चाचणी नाही. त्या टक्क्यांवरून कूळ कळत नाही. ही वाय गुणसूत्राची आहे, बापाकडून मुलाला जाणारी, म्हणून मला करता येत नाही. अल्स्टरमधल्या काही गेलिक कुटुंबांनीही आर्मस्ट्राँग हे नाव घेतलं होतं. तू लिडिसडेलचा की तिथल्याच मातीतला, हे यातून कळू शकेल. उत्तर काहीही आलं तरी मला ते हवं आहे.

एक गोष्ट शेवटी लिहिते, कारण ती लिहायला मला सगळ्यात जड जातंय. 1850 च्या जनगणनेची एक वेगळी यादी आहे, गुलामांची. त्यात तुझ्या खापरपणजोबांच्या नावाखाली सहा माणसं आहेत. नावं नाहीत. वय, लिंग, वर्ण. शेवटची मुलगी दोन वर्षांची. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, रोहनला सांग. ज्यांना खंडापायी घर सोडावं लागलं, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी हे केलं, आणि खोऱ्यातली जमीनसुद्धा तिथल्या मूळ लोकांची होती. वंशावळीत मी हे पान वगळणार नाही.

त्या सहा जणांची नावं मिळण्याची शक्यता आहे. गुलामगिरी संपल्यावर फेब्रुवारी 1866 मध्ये ऑगस्टा काउंटीत पतिपत्नी म्हणून राहणाऱ्या मुक्त झालेल्या जोडप्यांची नोंदवही केली, आणि तिच्यात शेवटच्या मालकाच्या नावाचा रकाना आहे. त्या रकान्यात आपलं आडनाव शोधायचं, मग 1870 च्या जनगणनेत ती कुटुंबं शोधायची, आणि मृत्युपत्रांच्या वह्यांशी ताडून बघायचं. त्यांची पतवंडं आज कुठे कुठे हाच शोध घेत असतील आणि त्यांची वाट याच कागदांपाशी अडली असेल. जे मिळेल ते त्यांना सापडेल अशा ठिकाणी ठेवायचं आहे. मी पुढच्या महिन्यात त्यासाठी स्टँटनला जाणार आहे. तू आणि केटी याल का? जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचण्यात ती माझ्यापेक्षा खूप सरस आहे, आणि लग्नाआधी तिलाही हे सगळं माहीत असावं असं मला वाटतं. कोर्टाचं दप्तर शनिवारी बंद असतं, तेव्हा गुरुवार-शुक्रवारची रजा मिळते का बघ आणि कळव.

तुझी,
आई