मिडला मागचा वायपर नाही, मग ब्रोशरमध्ये टिक कशाला?

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,
तुमच्या छोट्या हॅचबॅकचं मिड व्हेरिएंट मी बुक केलंय, पेट्रोल मॅन्युअल. बुकिंगच्या वेळी शोरूममध्ये जे ब्रोशर हातात दिलं त्यात मिडच्या रकान्यात मागचा वायपर आणि डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या गरम तारा) दोन्हीला टिक आहे, फोटो सोबत जोडलाय. बेस सोडून मिड घेतलं ते त्याच्यासाठीच, कारण आम्ही चिपळूणचे, कुंभार्ली घाटातनं कराडला कायम जाणं येणं, आणि पावसात हॅचबॅकची मागची काच चिखलाने कशी माखते ते चालवणाऱ्यालाच कळतं.

आता गाडी यार्डात आली म्हणून बघायला गेलो तर काचेवर डिफॉगरच्या रेघाच नाहीत, आणि वायपरच्या जागी भोकाला काळं रबरी बूच लावलेलं! म्हणजे भोक आहे, वायपर नाही. सेल्सवाला म्हणतो स्पेसिफिकेशन बदललं, ब्रोशरच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की कंपनी न कळवता बदल करू शकते. बरं, पण मग किंमत का नाही बदलली?

वर सल्ला काय तर "साहेब बाहेरून बसवून घ्या". अहो डिफॉगरच्या तारा काचेवरच छापलेल्या असतात, त्या बाहेरून कशा बसवायच्या, अख्खी काच बदलायची का? आणि वायपरसाठी वायरिंग कापलं की तुमचंच सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाही म्हणणार.

नाहीतर टॉप घ्या म्हणे. टॉपला अलॉय, मोठा टचस्क्रीन, लेदरचं स्टिअरिंग कव्हर, यातलं मला काहीच नको, मॅप मी मोबाईलवरच बघतो. एक्स-शोरूम फरक ८० हजार. महाराष्ट्रात १० लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आरटीओपर्यंत जाईस्तोवरच ते ८८,८०० झाले, इन्शुरन्स वेगळा. वायपरच्या एका काडीसाठी एवढे पैसे? रिव्हर्स सेन्सर सरकारने जुलै २०१९ पासून सक्तीचे केले म्हणून बेसलाही आलेत, नाहीतर तेही टॉपलाच ठेवले असते तुम्ही.

आणि टेस्ट ड्राइव्हला टॉपचीच गाडी देता हेही बघा जरा. मिड घेणाऱ्याला मिडच दाखवायला काय हरकत आहे, सीटची उंची कमी जास्त होते का नाही हे पण गिऱ्हाइकाला तिथेच कळेल.

माझं म्हणणं एवढंच, एकतर ब्रोशरप्रमाणे वायपर-डिफॉगरसकट मागचा दरवाजा कंपनीकडून, वॉरंटीसह बसवून द्या, नाहीतर बुकिंगची रक्कम काही न कापता परत करा. डिलिव्हरी मी घेतलेली नाही आणि पासिंगही होऊ देणार नाही, शोरूमला तसं लेखी दिलंय. उत्तर फोनवर नको, मेलवर द्या. आठवड्यात आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकतोय, बुकिंगची पावती आणि ब्रोशर दोन्ही जपून ठेवलंय.

आपला,
एक बुकिंगधारक, चिपळूण